हबशी पेशव्यांचे शहर

निघण्यापूर्वी थोडी तयारी करा. घड्याळ आणि मोबाईल घरी ठेवा. पायात साध्या वहाणा, डोक्याला पागोटे किंवा पदर आणि कमरेला तांब्याच्या नाण्यांची पिशवी एवढे पुरे. मराठी येते ना, मग अडणार नाही. जिथे जायचे आहे तिथल्या बाजारात ती चालते. दख्खनीचे चार शब्द येत असतील तर अधिक बरे. चहाची वाट पाहू नका. बटाटा आणि टोमॅटो तिथे कुणी पाहिलेलेही नाहीत. कालवणाला तिखटपणा मिऱ्यांचा, आंबटपणा चिंचेचा. ज्वारीची भाकरी मात्र तीच, तुमच्या ओळखीची.

जायचे आहे अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेशी नाते तोडले आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी, भिंगारजवळ, हे शहर वसवायला घेतले. इथले मोहल्ले, इथले सण, इथल्या पंगती तुम्हाला पाहायच्या आहेत. त्या गर्दीत एका माणसाकडे विशेष लक्ष ठेवा. तो हबशी आहे, लाल समुद्रापलीकडच्या इथिओपियातून आलेला काळा माणूस. शाळेच्या पुस्तकात तो एखाद्या ओळीत येऊन जातो. नगरच्या रस्त्यावर तो तुम्हाला पावलोपावली भेटणार आहे.

कोठला, १५३७

नव्या चुन्याचा वास अजून गेलेला नाही. उंच भिंतींनी वेढलेल्या पटांगणात तुम्ही उभे आहात. एका अंगाला मशीद आहे. आत मुले धडा घोकत आहेत. हे सारे नगरचा राजा बुऱ्हाण निजामशहा याने शाह ताहीर या इराणी विद्वानासाठी उभारले आहे. शाह ताहीर समुद्रमार्गे दख्खनेत आला, परांड्याला राहिला आणि तिथून नगरच्या दरबारात पोहोचला.

आज लोक एकाच गोष्टीवर बोलत आहेत. राजपुत्र अब्दुल कादिर तापाने अत्यवस्थ होता. शाह ताहीरने राजाला नवस करायला सांगितले की मुलगा वाचला तर खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, बारा इमामांची नावे घ्यायची. मुलगा वाचला आणि बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. शहरात सगळ्यांनाच हे रुचलेले नाही. काही मौलवी आणि सरदार चिडले आहेत, विरोध करणाऱ्यांचा जमाव जमल्याच्या बातम्या तुमच्या कानावर येतात. त्या जमावाकडे जाऊ नका. इथेच थांबा, कारण थोड्या वेळात लंगर सुरू होईल. बारा इमामांच्या नावाने चालणाऱ्या या अन्नछत्रासाठी राजाने काही गावांचे उत्पन्न तोडून दिले आहे.

पंगतीत बसा आणि शेजाऱ्यांकडे पाहा. उजवीकडे इराणी विद्यार्थी आहे, पलीकडे दख्खनी शिपाई. समोर एक तुर्क बसला आहे. तोफा ओतण्यात त्याच्या लोकांचा हात कुणी धरत नाही. पुढे १५४९ मध्ये याच शहरात महंमद बिन हुसेन रूमी ‘मलिक-ए-मैदान’ ओतणार आहे, आणि आज विजापूरला दिसणारी ती अजस्र तोफ म्हणजे नगरची कारागिरी आहे. दाराशी कागदांचे दफ्तर घेऊन उभा आहे तो ब्राह्मण कारकून. त्याच्या असण्याचे इथे कुणाला नवल नाही. बुऱ्हाणचा पेशवा कंवरसेन हा स्वतः ब्राह्मण आहे, आणि राजाचे आजोबा मलिक हसन हे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घरातले, असे फिरिश्ता हा इतिहासकार पुढे लिहून ठेवणार आहे.

या गर्दीत हबशीही आहेत. कुणी घोडदळात, कुणी पहाऱ्यावर, कुणी सरदाराच्या घरी. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. या शहरात काळा रंग रोजचा आहे.

पेशव्याचा वाडा, १५७३

छत्तीस वर्षे पुढे या. वाटेत किल्ल्याकडे नजर टाका. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६३ या काळात तो दगडात बांधून काढला आहे. जवळच दमडी मशीद आहे, साहिरखानाने १५६७ च्या सुमारास बांधलेली. तिच्या दगडावरचे कोरीवकाम बोटांनी चाचपून पाहा. लोक सांगतात, किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतून एक एक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. आख्यायिकाच ती, पण बांधणाऱ्या हातांची आठवण शहराने अशी जपली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पेशव्याच्या वाड्यापाशी चला. मुर्तजा निजामशहाचा पेशवा आहे चंगीजखान, आणि तो हबशी आहे. गुलाम म्हणून आलेला माणूस आज राज्याचा कारभार पाहतो. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम आहेत. अंगणात तलवारीचे हात चालू आहेत, घोडी फिरवली जात आहेत, हिशेब लिहिले जात आहेत. त्यांत पंचविशीतला एक तरुण दिसेल. त्याच्याकडे नीट पाहा.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, दक्षिण इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातला. तिथे त्याचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. मोखाच्या बाजारात तो ऐंशी गिल्डरांना विकला गेला, असे एका डच व्यापाऱ्याने पुढे नोंदवले. बगदादला मीर कासिमने त्याला विकत घेतले, शिकवले आणि त्याचे नाव अंबर ठेवले. तिथून समुद्र ओलांडून तो दख्खनेत आला आणि चंगीजखानाने त्याला विकत घेतले.

या वाड्याचे वैभव पाहताना एक गोष्ट विसरू नका. इथिओपियाच्या डोंगरांतून माणसे पकडली जात आणि त्यांच्या मोबदल्यात तिकडे जे माल जात, त्यांत हिंदुस्थानी कापड मोठे होते. मागावर कुणी तरी विणलेल्या लुगड्या-उपरण्यांची किंमत कुणाच्या तरी मुलाने चुकवली आहे. दख्खनेतली गुलामी मळ्यांवर राबवून घेणारी नव्हती. दरबारांना घरदार, भाऊबंद मागे राहिलेली, धन्याशीच बांधलेली लढवय्यी माणसे हवी होती. त्या माणसाला शस्त्र मिळे, विद्या मिळे, धनी गेला की बहुधा मोकळीकही मिळे. पण आई मिळत नसे, गाव मिळत नसे. अंगणातल्या त्या तरुणाकडे पाहताना या दोन्ही गोष्टी मनात असू द्या.

चंगीजखान लवकरच मरणार आहे, राजाच्या संशयाचा बळी होऊन. त्याची विधवा अंबरला मोकळे करील. मोकळा झालेला अंबर वीसेक वर्षे विजापूरकडे चाकरी करील आणि मग परत इकडेच येईल. परत यावे असे गाव त्याला एकच उरले होते.

किल्ल्याबाहेरच्या गल्ल्या, १५८९

हा मुक्काम टाळता आला असता, पण टाळू नका. मिसळलेल्या शहराची गोष्ट केवळ पंगतींवर संपवली तर ती खोटी ठरेल.

या शहरात दोन मोठे तट आहेत. एकीकडे दख्खनी आणि त्यांच्यासोबत बरेचसे हबशी. दुसरीकडे इराण-तुराणातून नव्याने आलेले ‘गरीब’, म्हणजे परदेशी. पगार, जहागिरी, दरबारातली जागा, सगळ्यावरून ओढाताण आहे. त्यात शिया, सुन्नी आणि महदवी या पंथांचा वाद मिसळला आहे. तरुण राजा मीरान हुसेन परदेशी गटाच्या मिर्झाखानाकडून मारला जातो आणि शहराचा बांध फुटतो. महदवी सरदार जमालखान दख्खनी आणि हबशांचा जमाव घेऊन किल्ल्यावर चालून जातो. पुढचे काही दिवस परदेशी माणसे घराघरांतून ओढून मारली जातात. ज्या गल्लीत काल मैफल होती तिथे आज दारे फोडली जात आहेत.

लहानपणीच वडिलांबरोबर या शहरात आलेला फिरिश्ता इथेच वाढला. याच वर्षी तो नगर सोडून विजापूरला जातो. पुढे तो दख्खनचा इतिहास लिहितो तेव्हा त्याला या रात्रीही लिहाव्या लागतात. एकत्र राहणे आपोआप टिकत नाही, ते रोज सांभाळावे लागते. हे नगरने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

तटावर, १५९६

सहा-सात वर्षांतच या शहराची पुन्हा परीक्षा होते. १५९५ च्या डिसेंबरापासून अकबराचा मुलगा मुराद वेढा घालून बसला आहे. किल्ल्यात चांदबीबी आहे, हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरची विधवा राणी, माहेरची राजधानी राखायला आलेली. सरदारांत फूट आहे. मियाँ मंजूचा एक गट, इखलासखान हबशाचा दुसरा, अभंगखान हबशाचा तिसरा. तरीही अभंगखान वेढ्यावर रात्रीचा छापा घालतो आणि मुघल छावणी हादरवतो.

तुम्ही तटावर आहात. सुरुंगाचा स्फोट होतो, भिंतीचा मोठा भाग कोसळतो, धुळीने काही दिसत नाही. धूळ बसते तेव्हा भगदाडापाशी बुरखा घेतलेली, हाती नंगी तलवार घेतलेली राणी उभी असते. दिवसभर लढाई चालते. रात्री गवंडी, शिपाई, बायाबापड्या, ज्याला जे सापडेल ते घेऊन भगदाड बुजवायला लागतात. तुम्हीही एक दगड उचला. पुढच्या हातात द्या. तो हात गोरा आहे की सावळा की काळा, हे या अंधारात दिसत नाही. उजाडते तेव्हा भिंत पुन्हा उभी असते. वऱ्हाडवर पाणी सोडून तह होतो आणि नगर तेवढ्यापुरते वाचते.

पण गटबाजी संपत नाही. १६०० मध्ये चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली जाते आणि ऑगस्टमध्ये किल्ला मुघलांकडे जातो.

किल्ला जातो, निजामशाही मात्र जात नाही. थोड्या स्वारांनिशी अभंगखानाकडे रुजू झालेला तो जुना अंबर आता मलिक अंबर आहे. तो परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवतो आणि स्वतः पेशवा होतो. १६१० मध्ये तो नगरचा किल्ला परत घेतो. त्याच वर्षी खडकी वसवतो, जिचे पुढे औरंगाबाद होते. इंग्रज व्यापारी विल्यम फिंचने त्या सुमारास ऐकून लिहिले की अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी आहेत. त्या दख्खनींत मराठा स्वार होते. सह्याद्रीच्या घाटावाटा त्यांना पाठ होत्या, आणि शत्रूची रसद तोडायची, रात्री झडप घालायची, दिवसा नाहीसे व्हायचे हे युद्ध त्यांनी आणि अंबरने मिळून मुरवले.

भातवडी, १६२४

शहराबाहेर चला. आज हे गाव भातोडी पारगाव म्हणून ओळखले जाते, नगरपासून फार दूर नाही. मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन इथे तळ देऊन बसल्या आहेत. अंबरचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तो भातवडीचा तलाव फोडतो. पाणी छावणीत शिरते, चिखलात घोडी फसतात, तोफा रुततात, दाणागोटा भिजतो. रात्रीचे छापे सुरू होतात, तळातली माणसे उपाशी राहून पळू लागतात. अखेर जी लढाई होते तीत आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी पडतो आणि दोन मोठ्या सत्तांचा एकत्र पराभव होतो.

तुम्ही मात्र एका माणसाजवळ थांबा. त्याचे नाव शरीफजी भोसले. तो इथे पडला आहे. त्याचा थोरला भाऊ शहाजी याच रणात लढतो आहे. हे दोघे मालोजी भोसल्यांचे मुलगे. मालोजींना मूल होत नव्हते, म्हणून त्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि झालेल्या मुलांना पिराचेच नाव दिले. शिवभारतानेही हे नोंदवले आहे. तो दर्गा आजही नगरला आहे.

आता सारे एकदा जुळवून पाहा. मुसलमान पिराच्या नावाचा मराठा तरुण, इथिओपियात जन्मलेल्या पेशव्याच्या झेंड्याखाली लढत, नगरच्या मातीत पडला. त्याच्या भावाच्या घरी पुढे शिवाजी जन्मला. महाराष्ट्राचा इतिहास या मातीतून वर आला आहे. यातला एकही धागा उपटून काढला तर उरलेले वस्त्र उसवते.

हार्लेम, २०१३

आता मोठी उडी घ्या. काळ तुमच्या ओळखीचा आहे, गाव परके. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत शोमबर्ग सेंटर नावाची संशोधन-वाचनालयाची इमारत आहे. आर्तुरो शोमबर्ग या पोर्तो रिकोत जन्मलेल्या माणसाने काळ्या लोकांचा इतिहास सांगणारी पुस्तके, चित्रे, हस्तलिखिते आयुष्यभर जमवली. तो संग्रह १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाने घेतला. काळ्यांना इतिहासच नाही असे ज्या समाजाला शाळेत शिकवले गेले, त्याने आपला इतिहास स्वतः गोळा केला, आणि त्या वाचनालयात व्याख्याने, प्रदर्शने, गाणी यांचे मेळे भरू लागले.

आज तिथे भारतातल्या आफ्रिकी माणसांवर प्रदर्शन आहे. भिंतीवर एक चित्र आहे. काळा चेहरा, रुंद खांदे, पांढरा जामा. शाळकरी मुले त्याच्यासमोर उभी आहेत. आपल्यासारखा दिसणारा एक माणूस समुद्रापलीकडे राज्य चालवत होता, बादशहाला झोपू देत नव्हता, शहर वसवत होता, हे त्यांना नवे आहे. त्यांच्यासाठी मलिक अंबर घरचा माणूस आहे.

तुमच्यासाठीही तो घरचाच आहे. पण नगरच्या किती मुलांनी त्याचे चित्र पाहिले आहे, हा प्रश्न मनात घेऊन परत चला.

कत्तलची रात, आज

मोहरमची नववी रात्र. तुम्ही पुन्हा कोठल्यात आहात. बुऱ्हाणने बांधलेल्या भिंती उभ्या आहेत आणि पटांगणात पाय ठेवायला जागा नाही. लोबानाचा धूर डोळ्यांत जातो. इथे छोटे बारा इमाम, तिकडे मंगलगेटच्या हवेलीत मोठे बारा इमाम, अशा सवाऱ्या बसवल्या आहेत. मध्यरात्रीनंतर सवाऱ्या उठतात. ताशे कडाडतात, टेंभे पेटतात, ‘या हुसेन’चा घोष होतो, आणि गर्दी सवारीबरोबर वाहू लागते. दुसऱ्या दिवशी सवाऱ्या जुन्या शहरातून फिरून दिल्लीगेटमार्गे सावेडीकडे विसर्जनाला जातील.

गर्दीत कोण आहे ते पाहा. फुलांची चादर घेऊन आलेली बाई कुंकू लावलेली आहे. लेकराच्या गळ्यात नाडा बांधून त्याला फकीर केलेले आई-बाप खेड्यातून आले आहेत, नवस फेडायला. सरबताच्या मांडवात पेले भरणारे हात कुणाचे आहेत हे पिणारा विचारत नाही. घराघरांत चोंगे आणि मलिदा झाला आहे, आणि शेजारच्या घरी ताट गेले आहे. चारशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका आजारी मुलासाठी झालेल्या नवसातून इथला शिया दरबार सुरू झाला. तो दरबार गेला, शिया राजे गेले, मुघल, पेशवे, इंग्रज येऊन गेले. मोहरम शहराने आपल्याकडे ठेवून घेतला.

हबशी कुठे गेले? गुजरातेत रतनपूरच्या बावा गोरच्या उरुसात आफ्रिकी वंशाचे सिद्दी आजही धमाल नाचतात, आणि तिथे आफ्रिका ढोलाच्या तालावर ओळखू येते. मुरुडसमोर सिद्दींचा जंजिरा उभा आहे. नगरात मात्र हबशी इथल्या मुलींशी लग्ने करून, इथली भाषा बोलून दख्खनी समाजात मिसळून गेला. त्याची वेगळी गल्ली उरली नाही. त्याने लढून राखलेला तट उरला, त्याच्या पेशव्यांनी चालवलेल्या राज्याची राजधानी उरली, आणि या मिरवणुकीचा रस्ता उरला.

मलिक अंबर मे १६२६ मध्ये गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. २०२६ हे त्याच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष. नगरने दरवर्षी मे महिन्यात एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते. सकाळी कोठल्यापासून निघावे. दमडी मशीद, किल्ला, शाह शरीफचा दर्गा करत दुपारी भातोडीला पोहोचावे आणि शरीफजीला फूल वाहावे. शाळांनी मुलांना आणावे. गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दी मंडळींना पाहुणे म्हणून बोलवावे, त्यांचे ढोल कोठल्याच्या पटांगणात वाजू द्यावेत, आणि त्यांना सांगावे की या शहरावर तुमचा हक्क आमच्याइतकाच जुना आहे.

त्यासाठी काळामागे जायची गरज नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने, एखाद्या मंडळाने पहिले पत्र लिहिले की काम सुरू होते.